सकाळच्या शिव्या

रागवायचं असलं तर मोठीमाय दुसऱ्या दिवशी सकाळी रागवायची.

कोणी वाकडं रोवलं, कोणी रोपांची जुडी पायाखाली तुडवली, कोणी डबा खाऊन धुऱ्यावर जरा जास्तच वेळ आडवी झाली, तरी त्या वेळी ती एक शब्द बोलायची नाही. नुसती पाहायची आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसायची. बाया समजून जायच्या. बाहीनं तोंड पुसलं म्हणजे उद्या नंबर लागला. दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या मोहाच्या झाडाखाली टोळी जमली की ती घसा खाकरायची आणि म्हणायची, “हं, शिव्यांचा टाईम झाला. कालची कोण वं?” जिचा नंबर असेल ती बाई पुढं यायची, अर्धी हसत, अर्धी घाबरत. मग मोठीमाय तिला अशा काही शिव्या द्यायची की झाडावरची पाखरं उडून जावीत. दोनच मिनिटं, पण त्यात सासर-माहेर दोन्ही यायचं. संपलं की म्हणायची, “झालं. आता तुह्यावर माहा राग नाही. चाल.” आणि खरंच नसायचा.

मी एकदा विचारलं, “मोठीमाय, तवाच्या तवाच काहून नाही बोलत?”

“तवा तो राग माहा असते बाई,” ती म्हणाली. “सकाळपर्यंत जेवढा उरला, तेवढाच तुमचा.”

धानाच्या रोवणीची टोळी होती तिची. सोळा बाया. आमच्याकडं धानाच्या शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात, तिच्या बांधाला धुरा, आणि रोपांना पऱ्हे. पऱ्हे वीतभर वाढले की एका बांधीतून उपटून चिखल केलेल्या दुसऱ्या बांधीत रोवायचे. त्या तीन-चार आठवड्यांत सगळ्यांचीच घाई असते, म्हणून बायांच्या टोळ्या ठेक्यानं रोवणी करतात. आमची टोळी करडीच्या आजूबाजूच्या पाच-सहा गावांत जायची. मोठीमाय म्हणजे खरं तर वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. ती कोणाचीच तशी लागत नव्हती, पण टोळीतल्या, तिच्याहून वीस वर्षांनी मोठ्या सकूआजीसुद्धा तिला मोठीमायच म्हणायच्या. तिचा नवरा वरठीच्या बाजूला कारखान्यात सायकलनं जायचा. त्याचा जुना निळा शर्ट ती लुगड्यावर घालायची. शर्टाच्या खिशात एक सुई, एक आगपेटी आणि चिंधीत बांधलेली हळद. कोणाच्या पायात काटा गेला की ती बाईला धुऱ्यावर बसवायची, पाय आपल्या मांडीवर घ्यायची आणि सुईनं काटा काढायची. पाय कोणाचा, कुठल्या जातीचा, हे तिनं कधी पाहिलं नाही. पाहणाऱ्या बाया टोळीत होत्या. चार पावसाळे तिच्यासोबत काढले की त्यांचंही पाहणं कमी व्हायचं.

तिच्या वागण्याच्या तऱ्हा सगळ्या गावाला माहीत होत्या. हजेरी ती वेगळीच घ्यायची. नाव नाही, गाव नाही. एकेकीसमोर उभी राहून विचारायची, “आज काय दुखते?” कमर दुखत असेल तर त्या बाईला पऱ्हे वाहायला लावायची, हात दुखत असेल तर धुऱ्यावरच्या पेंड्या सोडायला. “काही नाही दुखत” म्हटलं की म्हणायची, “खोटं.” आणि मग बाई सांगायची. कधी कधी जे सांगायची ते अंगाचं दुखणं नसायचंच. मोठीमाय ऐकून घ्यायची आणि तिला रांगेत आपल्या शेजारी उभी करायची.

रोवताना बांधीचा जो सगळ्यात वाईट कोपरा, जिथं चिखल मांडीपर्यंत आणि जळवा जास्त, तो तिचा. तिथं दुसरं कोणी उतरलं तर भांडायची, जशी काही ती पंगतीतली पहिली जागा होती.

आणि रस्त्यानं ती नेहमी सगळ्यात मागं चालायची. सोळा बाया पुढं, ही मागं. इतर टोळ्यांच्या म्होरक्या कशा मिरवत पुढं असायच्या! आमच्या बाया म्हणायच्या, “कुत्र्यायच्या भेवानं मागं रायते थे.” तेही खोटं नव्हतं. तहसीलदाराच्या जीपसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहणारी ही बाई, कुत्र्याचं पिल्लू दिसलं तरी माझा पदर धरायची. चिडवलं तर म्हणायची, “हाव, भेतो मी कुत्र्याले. तुमी भेत नाही ना? मंग चाला तुमीच पुढं.”

मी टोळीत गेले तेव्हा आमच्या वस्तीतली पहिली बी.ए. झालेली होते. हे मी अजूनही सांगते आणि सांगत राहीन. माझ्या वडिलांचं आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात गेलं. आई अंगठा लावायची. निकाल लागला तेव्हा विहारात माझा सत्कार झाला, गुलाबाचा हार आणि शाईचा पेन मिळाला. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. नोकरीचे अर्ज भरताना जिल्ह्याच्या रकान्यापाशी थांबून विचार करावा लागायचा, की हे ऑफिस आता इकडं की तिकडं. मोठीमायचा भाऊ त्या बाजूचा. ती म्हणायची, “माहा भाऊ सकाळी उठला तं दुसऱ्या जिल्ह्यात! खाटसुद्धा हालली नाही त्याची.”

अर्ज पाठवले, उत्तरं आली नाहीत, आणि सत्काराला महिना होत नाही तोच मी चिखलात उतरले.

“आली वं आली, बीए आली बांधीत!” पहिल्याच दिवशी एकीनं हाक दिली.

“आता पाहा, पट्टी लावून रोवते का काय!”

“इंग्रजीत रोव बाई जरा, आमाले पाहू दे!”

मी रडकुंडीला आले होते. मोठीमायनं सगळ्यांना पोटभर हसू दिलं. मग माझ्याजवळ येऊन अंगठा आणि दोन बोटांत पऱ्हे कसं धरायचं ते दाखवलं आणि हळूच म्हणाली, “हसू दे. तू इथं रायली तं यायच्या पोरी शाळेत जातीन, हे यायले समजते. म्हनून हसून रायल्या.” त्या दिवसापासून माझं नाव बीए पडलं.

मला कुठल्याही कामात शहाणपणा दाखवायची खोड होती. शिकलेल्या पहिल्या माणसाला ती असतेच. घरात कोणी चूक काढणारं नसतं, त्यामुळं आपण चुकतो हेच लवकर कळत नाही. पंधरा दिवसांत मी टोळीचा हिशोबी कागद झाले. कोणत्या गावी कधी जायचं, कोणाची किती बांधी, सगळं लिहून ठेवायची. मोठीमायला वाचता येत नव्हतं, पण कागद हातात घेऊन ती उलटसुलट पाहायची आणि म्हणायची, “काय सुंदर रोवलं पोरीनं!”

एक दिवस टोळीतल्या एका बाईचा पाय काट्यानं पिकला. सुजून टम्म झाला. मोठीमाय स्वतः तिला घेऊन भंडाऱ्याच्या दवाखान्यात निघाली. दुसऱ्या कोणाला पाठवलं असतं तर चाललं असतं, पण ती म्हणाली, “कामावर माह्या होती, माह्या संगंच जाईन.” जाताना मला बाजूला बोलावलं. त्या दिवशी ज्याची रोवणी होती त्या शेतकऱ्याच्या दोनच बांध्या होत्या, आणि त्यांच्यावरच त्याच्या घरचं वर्षाचं खाणं होतं. एक वरची, एक खोलगट. “वरच्या बांधीत हलका धान, खालच्या बांधीत भारी,” तिनं सांगितलं. “आज टोळी तुह्यावर.”

हलका धान लवकर येतो. वरच्या बांधीतलं पाणी लवकर आटतं, म्हणून तिथं हलका लावतात. भारी धानाला महिनाभर जास्त लागतो, त्याला खालचं पाणी पाहिजे. हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं, मलाही होतं. मी कागदावर लिहूनही घेतलं, खाली रेघ मारली.

आम्ही शेतात पोचलो तेव्हा पऱ्ह्यांच्या पेंड्या धुऱ्यांवर पडलेल्या होत्या. सकाळीच कोणीतरी बैलबंडीतून आणून टाकून गेलं होतं. अर्ध्या वरच्या धुऱ्यावर, अर्ध्या खालच्या. मी म्हटलं, वरच्या धुऱ्यावरच्या त्या हलक्याच्या, खालच्या त्या भारीच्या. सरळ आहे.

सकूआजींनी एक जुडी उचलली. बुडाशी बोट फिरवलं. “बीए, हे हलक्याचं नाही वं. याच्या बुडाले जांभळं दिसून रायलं. हे भारीचं आहे.”

“आजी, पेंड्या वरच्या धुऱ्यावर पडल्या आहेत. आणि वर हलकाच लावायचा आहे. हे पाहा, लिहिलेलं आहे.” मी त्यांना कागद दाखवला. ज्या बाईला वाचता येत नव्हतं तिला मी कागद दाखवला. हे आजही आठवलं की कानशिलं तापतात.

सकूआजींनी कागदाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. “तू म्हनशील तसं,” म्हणाल्या, आणि बांधीत उतरल्या. चौदा बाया उतरल्या. संध्याकाळच्या आत दोन्ही बांध्या हिरव्यागार झाल्या. मी धुऱ्यावर उभी राहून रेघा मोजल्या. फार छान वाटत होतं.

शेतकरी आला तेव्हा ऊन कललं होतं. तो वरच्या धुऱ्यावर उभा राहिला, वाकला, एक रोप उपटून पाहिलं. मग खालच्या बांधीत जाऊन दुसरं उपटलं. परत आला तो दोन्ही रोपं हातात धरून.

“हे कोनं रोवलं? भारी धान वर? दसऱ्याले वरचं पानी जाते, लोंब्या काय हवा पिऊन भरतीन? अन खालचा हलका पान्यातच पिकंल, पान्यातच लोळंल! काय खावं आमी?”

माझ्या हातातला कागद घामानं ओला झाला होता. तेवढ्यात धुऱ्यावरून मोठीमाय येताना दिसली. बसमधून उतरून घरी न जाता सरळ शेतात आली होती. शेतकरी माझ्याकडं बोट दाखवून ओरडत होता. ती मध्ये येऊन उभी राहिली.

“मालक, टोळी माही आहे. मले बोला.”

तो बोलला. बरंच बोलला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “उद्या उपटून, बदलून, परत रोवून देतो. जेवढे पऱ्हे मरतीन तेवढे माह्या घरचे देईन. वाया नाही जाऊ देत तुमचा साल.”

तो गेला. मोठीमायनं माझ्याकडं पाहिलं, आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी मी जाणार नव्हते. एका माणसाच्या घरचं खाणं मी उलटं लावलं होतं. एकाच दिवसात बदललं नाही तर मुळं धरतील आणि मग काही करता येणार नाही. त्यासाठी सोळा बायांना दिवसभर फुकट राबावं लागणार होतं, ऐन हंगामात, जेव्हा दुसरीकडं रोख मजुरी बोलावत होती. माझ्यासाठी का राबेल कोणी? मी आईला म्हटलं, माझं डोकं दुखतं.

“जा,” आई म्हणाली. “हार घालून घ्यायले गेली होती ना सगळ्यायसमोर? मंग शिव्या खायलेही जा.”

मोहाखाली टोळी जमली होती. कोणी माझ्याशी बोललं नाही. सकूआजी दुसरीकडं पाहत होत्या. मोठीमायनं प्रत्येकीला विचारलं, आज काय दुखते. माझ्यापाशी आली तेव्हा विचारलं नाही. घसा खाकरला.

“हं. शिव्यांचा टाईम. कालची कोण?”

मी पुढं झाले. तिनं हातानं मला बाजूला सारलं आणि स्वतः माझ्या जागी येऊन उभी राहिली. मोहाच्या बुंध्याकडं तोंड केलं, जशी काही तिथं कोणी उभी आहे.

“काय वं टवळे!” ती गरजली. “म्होरकी म्हनवते सोताले? पोट्टीले कागद देल्ला, टोळी देल्ली, अन हे सांगाले जीभ झडली का तुही, का सकूआजीले इचारल्याबिगर एक जुडी बांधीत जाऊ देऊ नको? चौदा बायायले पऱ्हे ओळखता येते, पन त्यायले तू कवा सांगितलं का बीए चुकली तं तिचा हात धरजा? बस पकडाची घाई झाली होती तुले! तुह्या मायनं तुले काय चिखलातच वाढवलं, अक्कल नाही शिकवली? शेतकऱ्याच्या पोटावर पाय ठेवला नं वं तू, भवाने!”

दोन मिनिटं चाललं. तिनं स्वतःला काही कमी केलं नाही, सासर-माहेर दोन्ही घेतलं. तिचाही नंबर लागतो असं बायांनी मला आधी सांगितलं होतं, मला थट्टा वाटली होती. कोणी हसत नव्हतं. शेवटी ती वळली. “झालं. माह्यावर माहा राग नाही.”

“अन बीएले?” कोणीतरी म्हणालं.

“बीएनं रातभर खाल्ल्या असतीन सोताच्या सोताले. पाहा तोंड तिचं. पोट भरलेल्याले काय वाढू?” मग माझ्याकडं पाहून म्हणाली, “आजही टोळी तुह्यावरच. चाल, हो पुढं.”

एकदोघींच्या तोंडून नको तो आवाज निघाला. तिनं लक्ष दिलं नाही.

“मोठीमाय, कोणी येणार नाही माझ्या मागं,” मी म्हटलं.

“तू मागं नको पाहू. मागं मी आहो.”

मी चालायला लागले. त्या शेतापर्यंतचा धुऱ्याधुऱ्यांचा रस्ता अर्ध्या तासाचा होता. मागं पावलं वाजत होती, पण किती ते कळत नव्हतं. पंधरा की पाच? मान वळवायची फार इच्छा होत होती. वळवली नाही. शेतात पोचल्यावर धुऱ्यावर उभी राहून पाहिलं. बारा बाया होत्या, आणि शेवटी मोठीमाय. पाय पिकलेली बाई घरी होती. आणखी दोघी नव्हत्या.

मी पहिलं काम केलं ते हे, की सकूआजींसमोर जाऊन उभी राहिले. “आजी, तुम्ही पाहून दिल्याशिवाय एकही जुडी बांधीत जाणार नाही.”

“कागद कुठी आहे तुहा?” आजी म्हणाल्या.

“घरी.”

“हं,” आजी म्हणाल्या. “तिथंच ठेवजो आजचा दिवस. उद्या आनजो. लिवलेलं चांगलंच असते, पन वाचनारीले बूडही पाहावं लागते.”

दिवसभर आम्ही कालचं रोवणं मुळं न तोडता उपटलं, बदललं, परत रोवलं. मोठीमाय तिच्या कोपऱ्यात मांडीभर चिखलात होती. दुपारनंतर सकूआजींनी गाणं धरलं, बीएच्या कागदाचं, जोडून जोडून. सगळ्या बांधीभर हशा उठला आणि मीही हसले. तेव्हा कळलं की आपण टोळीत आहोत. काही पऱ्हे मेले. मोठीमायनं सांगितल्याप्रमाणं घरचे आणून भरले. शेतकरी त्या वर्षी चांगलं बोलला नाही. पुढच्या वर्षी पहिला निरोप त्याचाच आला.

त्या दोघी दुसऱ्याच दिवशी परत आल्या. मला वाटलं, आज यांचा नंबर. मोठीमायनं त्यांना विचारलं, “आज काय दुखते?” आणि कामाला लावलं. मला ते तेव्हा आवडलं नव्हतं.

आता मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. बऱ्याच गावांच्या सेविका माझ्या हाताखाली आहेत. मागच्या वर्षी आमचं नेतृत्वाचं प्रशिक्षण झालं. पडद्यावर चांगल्या नेत्याचे गुण दाखवले. मी उतरवून घेतले, माझं अक्षर अजून चांगलं आहे. दूरदृष्टी होती, आत्मविश्वास होता, वेळेचं नियोजन होतं. काय दुखते ते विचारावं, हे नव्हतं. सगळ्यात वाईट कोपरा कोणाचा, हेही नव्हतं. रागाला एक रात्र वाळत घालण्याचं मी स्वतः करून पाहिलं आहे. जमतं, पण दर वेळी नाही. मी तिच्याइतकी चांगली नाही, हे लिहून टाकलेलं बरं.

पावसाळ्यानंतर तिला भेटायला गेले. गुडघे गेले आहेत. अंगणात खाटेवर बसली होती, तोच निळा शर्ट, आता ब्लाउजवर स्वेटरसारखा. मला पाहताच म्हणाली, “आज काय दुखते?”

“काही नाही.”

“खोटं.”

मग मी सांगितलं. एका सेविकेची चूक झाली होती, वरून मला जाब विचारला होता, आणि मी तिचं नाव पुढं केलं होतं. चूक तिचीच होती. तरी आठ दिवस झोप लागत नव्हती. मोठीमायनं ऐकून घेतलं. काही उपदेश केला नाही. म्हणाली, “मंग, सकाळ तं रोजच होते.”

मी विचारलं, “मोठीमाय, त्या दिवशी तू मला परत टोळी का दिली?”

“दुसरी कोन होती? सकूआजीचं वय झालं होतं, बाकीच्यायले भांडन येत होतं.” ती हसली. मग म्हणाली, “थ्या दोघी होत्या ना, ज्या आल्या नाही. त्यायले मीच वापस पाठवलं होतं. नाल्यापाशी. एकीचं लेकरू तापलं होतं, दुसरीच्या घरी दाना नव्हता, तिले रोख पाहिजे होती. तुह्या तोंडावर नाही म्हनाची त्यायची हिंमत नव्हती. मी मागून म्हटलं, जा, चुपचाप जा, बीए मागं नाही पाहत.”

“म्हणजे तू कुत्र्यांच्या भीतीनं मागं नव्हती चालत.”

“कुत्र्यायच्या भेवानंच चालत होती,” ती म्हणाली. “पन मागं असलं का हेही काम होते.”

निघताना ती उठलीच. मी नको म्हटलं, ऐकेना. काठी घेतली. बसचा फाटा त्या मोहाच्या पलीकडं आहे. “तू हो पुढं,” ती म्हणाली. मी पुढं झाले, तिच्या काठीच्या चालीनं, हळूहळू. उद्या सकाळी त्या सेविकेकडं जायचं, सगळ्या सेविकांसमोर उभं राहायचं आणि आधी कोणाचा नंबर लावायचा, ते मोठीमायला सांगत राहिले. मागून हूं आलं, दोनदा. मग मी बोलत राहिले, जाब विचारणाऱ्या साहेबांना आता काय लिहून द्यायचं तेही सांगितलं. मागं पाहिलं नाही.

फाट्यावर पोचून वळले तर मागं कोणी नव्हतं. ती लांब, मोहाखालीच थांबली होती, बुंध्याला टेकून. अर्धा रस्ता मी एकटीच बोलत आले होते आणि मला एकदाही एकटं वाटलं नव्हतं.

तिनं लांबूनच काठी उचलून दाखवली. जा म्हणून.